पट्टा अर्धा मिलिमीटर खाली

पार्ल्याला तिसऱ्या मजल्यावर
बेल वाजायच्या आधीच दार उघडलं निमकरांनी.
सात वर्षं शोधत होतो, म्हणाले,
भांडुपच्या त्या गाळ्यातलं कुणीतरी.
मी म्हटलं, चहा बिनसाखरेचा.

टेबलावर हिरवं फेल्ट,
त्यावर चार डिझेल इंजिनं, वीतभर लांबीची.
मॉडेल एकच, चौघांचा नंबरही एकच,
खेपा मात्र चार, आणि मध्ये सव्वीस वर्षं.
सांगा, यातलं तुमचं कुठलं?

हात न लावता सांगितलं.
जस्ताचा ओतीव सांगाडा
आतून फुगून कडेला तडकलेला,
हँडरेल तारेचे, एकेक वाकवून बसवलेले,
आणि नंबर हाताने लिहिलेला.
तीन केसांचा ब्रश, श्वास रोखून,
दिवसाला चाळीस इंजिनं, दोन्ही बाजू.
माझा सात जरा पुढे झुकतो,
कुणी हाक मारल्यासारखा.

दुसऱ्या खेपेला हँडरेल प्लास्टिकचे झाले,
अंगाबरोबरच ओतलेले.
कुणाच्या लक्षात येतंय, मालक म्हणाले.
नंबर छापायला रबरी गादीचं यंत्र आलं
आणि मी खोकी भरायला बसले.
ब्रश डिंकाच्या डब्यात गेला.

तिसरी खेप इथे झालीच नाही.
साचा परदेशी निघाला, न्हावाशेवाहून.
चुरींनी त्याला ग्रीस फासलं,
गोणपाटात बांधला, वर सुतळीच्या तीन गाठी,
आणि घरी जाईपर्यंत हात धुतले नाहीत.

दुसऱ्या खिडकीखाली बोट फिरवा, मी म्हटलं.
मोहरीच्या निम्म्याहून लहान एक दाणा लागेल.
तिथे चुरींची छिन्नी घसरली होती.
पहिल्यात आहे, दुसऱ्यात आहे,
समुद्रापलीकडून आलेल्या तिसऱ्यातही आहे.
निमकर भिंगातून बघत राहिले.
चौथ्यात नाही. साचाच नवा,
संगणकाने कोरलेला, रिव्हेट न् रिव्हेट मोजता येणारा.
मी मोजले नाहीत.

मग त्यांनी वही काढली.
खरा प्रश्न हा, म्हणाले,
पहिल्या खेपेतल्या काहींचा पिवळा पट्टा
अर्धा मिलिमीटर खाली का?
त्यांच्याकडे उत्तरं तयार होती.
कुठल्याशा शेडने रंगसंगती बदलली असणार,
किंवा कारखान्याला नवीन आराखडा आला असणार.
अशा इंजिनाला तिप्पट किंमत येते, माहीत आहे?

मी सांगितलं, टेप संपली होती.
मास्किंगची चांगली टेप लोहार चाळीतून यायची,
तो आठवडा बाजार बंद होता.
समोरच्या केमिस्टकडून जखमेवरची चिकटपट्टी आणली,
ती जरा रुंद निघाली.
एवढंच.

निमकरांनी पेनाचं टोपण लावलं.
वहीत काही लिहिलं नाही.

चौथं रुळावर ठेवून दाखवलं त्यांनी.
पोटात इवलासा स्पीकर,
खऱ्या इंजिनाची धडधड रेकॉर्ड केलेली,
भोंगासुद्धा दोन तऱ्हांचा.
ते डोळे मिटून ऐकत होते.
मग मी म्हटलं, आता माझं लावा.
ते कुरकुरलं, जळक्या तेलाचा वास सोडला,
वळणावर थबकलं,
आणि अकरा डबे ओढत निघालं.
चौथं सातव्यालाच घसरलं होतं,
ते आम्ही दोघंही बोललो नाही.

निघताना मी ते हातात घेतलं.
केवढं जड, त्या वेळी जाणवायचं नाही.
खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं,
तर भोंग्याच्या खाली, पिवळ्या रंगात
ब्रशचा एक केस अडकलेला, आडवा, वाळलेला.

अरे, कचरा आहे वाटतं,
निमकर नख पुढे करत म्हणाले.

राहू दे, मी म्हटलं.