पाऊणपट

क्रॅस्टरला गाडीचं दार उघडताच तू म्हणालीस,
"लाकूड यांचं, पण वास आमच्याकडचा."
काजळलेल्या धुरीघरात हेरिंग टांगलेले,
शेपट्या वर, रांगेत, शाळेतल्या शिक्षेसारखे.
मी रुमाल नाकाशी धरून उभा.
वाशीमकडचा माणूस मी. आमच्या नदीला पाणी आलं
की मास्तर वर्ग सोडून बघायला न्यायचे.
तू दोन मासे बांधून घेतलेस.
निनादच्या गाडीला वास लागेल, असं मी म्हणालो.
"लागू दे. कळू दे त्याला आजोळ."

पुढे बॅम्बरोला ती जुनी होडी, काचेमागे.
वादळात दीपगृहातून निघालेली एक पोर,
तिनं माणसं वाचवली, तिची चित्रं, तिचे केस, तिची पत्रं.
तू मात्र वल्ह्यांच्या खुंट्या मोजत राहिलीस.
"दुसऱ्या वल्ह्यावर कोण होतं?"
बाप होता, मी पाटी वाचून सांगितलं.
"मग त्याचे केस कुणी कापून ठेवले नाहीत?"

दुपारी एकला आपण बेटावर पोचलो,
लिंडिसफार्नला, ओल्या वाळूतल्या रस्त्यानं.
वाटेत खांबांवर एक पांढरं खोपट, शिडी लावलेलं.
मला वाटलं, जागलीचा माळा,
रानडुकरं हाकायला कुणी बसत असेल.
तू हसलीस. "पाण्यात अडकलेल्यांसाठी आहे ते."
मग बोटांवर मोजलंस, आजोबा तांडेल मोजत तसं:
आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार.
पावणेचारला भरती, तीही भांगाची, निमूट.
"रस्त्याला शिवायची नाही. आरामात निघू."

किल्ल्याखाली म्हाताऱ्या होड्या पालथ्या घालून
त्यांच्या खोल्या केलेल्या, डांबर फासलेल्या, कुलपं लावलेल्या.
त्यांच्याकडे तू पाठ करून बसलीस.
पालथी होडी बघायची नाही, एवढंच म्हणालीस.
मीही विचारलं नाही कुणाची.
बत्तीस वर्षांत एवढं शिकलोय.

साडेपाचला रस्ता नव्हता.
होता तिथं राखाडी पाणी, आणि पाण्यातून निघालेले
खांब, एकामागे एक, पलीकडे जाणारे.
तू गाडीतून उतरलीस, काठाशी गेलीस,
चप्पल भिजेस्तोवर उभी राहिलीस.
कुणी घरचं माणूस ओळख न देता समोरून निघून जावं
तसा चेहरा.

मग गाडीत बसून राहिलो आपण.
जूनचा उजेड, संपता संपेना.
खानावळीतली जागा भरलेली, दुकान पाचलाच मिटलेलं.
सातला तू कागद उघडलास.
काटे काढलेस, घास पुढे केलास, काही न बोलता.
मी खाल्ला.
धूर, मीठ, आणि नंतर कितीतरी वेळ
जिभेवर काहीतरी, ज्याला माझ्याकडे शब्द नाही.
"आणखी?" तू विचारलंस. मी हो म्हणालो.

दूर वाळूच्या दांड्यावर सील ओरडत होते,
ओसाड देवळात कुणी फुंकर मारून बघावी तसे.
पंचमीची कोर वर होती, तुझ्या बाजूनं साक्ष द्यायला.
तिथी चुकली नव्हती.

तेव्हा मी सांगितलं.
की येतानाच, पुलाच्या अलीकडे,
फलकावर वेळ वाचली होती मी: पाच ते सव्वादहा.
तू इतक्या विश्वासानं बोटं मोजत होतीस,
आणि घरी जायची मला तरी कुठं घाई होती.

तू बराच वेळ काचेबाहेर बघत राहिलीस.
पाणी उतरायला लागलं होतं,
आधी खोपटाच्या शिडीची एक पायरी, मग दुसरी.

"बुडवलं असतंस की मला," तू म्हणालीस.
मग माशांच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलंस,
डॅशबोर्डवर कागद टेकवून, शाळेतल्या अक्षरात:
*इथे पाऊणपट अधिक साडेतीन तास.*
आणि घडी करून ठेवलंस पर्समध्ये,
पुढच्या खेपेला लागेल म्हणून.

सव्वादहाला दिवे लावले.
रस्ता शेवाळानं माखलेला, मधेमधे डबकी.
"हळू," तू म्हणालीस. "अजून हळू.
डावीकडे घे. आता सरळ."