पाच वीसची कक्केरी

खानापुरात, कौलारू वर्गात,
शुक्रवारी शेवटचे दोन तास जोडून घेतले
आणि सत्तावीस चिठ्ठ्या टोपीत टाकल्या.
टोपी लुमानाची. विटांच्या भुकटीनं
माल्टापासून फिनलंडपर्यंत सगळे देश थोडे लाल झाले.

माल्टा सातेरीला आला.
नकाशात शोधता शोधता
तो तिच्या करंगळीच्या नखाखाली निघाला.
म्हणाली, सर, हे आमच्या गावाएवढंच की ओ.
म्हटलं, तरी त्याचं एक मत आहे,
आणि इथं जर्मनीचंही एकच.
ती जरा ताठ बसली.

काम एवढंच होतं:
येत्या पाच वर्षांत आधी काय, ते ठरवायचं.
सगळ्यांनी मिळून.
एक जरी नाही म्हणाला, तरी कागद कोरा.

यल्लाप्पा तळवार, पोलंड: आधी संरक्षण,
माझ्या दारात काय चाललंय बघा.
इटली म्हणाली, दार मलाही आहे, समुद्राकडचं.
डेन्मार्कला हवेची काळजी.
शाहिस्ता नदाफ, ग्रीस,
कर्ज हा शब्दच पुसा म्हणाली.
आयर्लंड झोपलं होतं.
रात्रभर भट्टीवर राखणीला होता इनास,
त्याला कुणी उठवलं नाही.

पहिला नंबर कशाला, यावर चाळीस मिनिटं गेली.
शेवटी अध्यक्ष रूपा हंपण्णवर उठली,
एक, दोन, तीन, चार पुसून टाकले,
त्या जागी ठिपके दिले.
रांगोळीत कुठला ठिपका पहिला असतो, सांगा.
कुणालाच सांगता येईना.

मग क्रियापदं.
'करू' होतं, त्याचं 'करण्याच्या दिशेनं' झालं.
'ताबडतोब' सकाळी आला असता तर टिकला असता,
साडेचारला त्याचा 'यथावकाश' झाला.
मी मागच्या बाकावर. मला हसू येत होतं,
आणि मग येईना,
कारण पुस्तकात हे असंच आहे,
फक्त तिथं टोपी नाही.

हंगेरी अडून बसली. नागेश चोपडे.
हे नको, तेही नको.
काय हवंय बाबा तुला?
म्हणाला, हेच. कुणीतरी विचारायला हवं होतं.

चौथा ठिपका सीमेचा.
तिथं वर्ग गप्प झाला.
या खोलीत त्या शब्दापायी
कुणाच्या आज्यानं पाठीवर वळ घेतलेत,
कुणाच्या मामानं दुकानाची पाटी
एकाच वर्षात दोनदा रंगवलीय.
माल्टा, पोलंड, ग्रीस, सगळे
आपापल्या घरी परत गेल्यासारखे दिसले.

रूपानं डावीकडं कन्नडात लिहिलं. उजवी बाजू लुमानाची.
त्यानं तिची अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं: गडी.
तिच्या भाषेत ती हद्द.
ह्याच्या भाषेत डावातला जोडीदार.
'गडी मजबूत करू,' लुमाना म्हणाला,
आणि मागून कोणीतरी, बहुतेक स्वीडन,
'आधी सांग, राज्य कुणावर?'
रूपाला मराठी येतं. तीच आधी हसली.
खडू मोडला.
ते वाक्य कुणी दुरुस्त केलं नाही.
दोन्ही बाजूंना तसंच राहिलं,
प्रत्येकानं आपल्याला हवं ते वाचलं.

पाच वीसच्या कक्केरीनं स्टँडवरून हॉर्न दिला.
कुणाची हरकत?
दप्तरं खांद्यावर चढत होती.
हरकत, रूपानं पुन्हा विचारलं,
एक पाय उंबऱ्याबाहेर.
हंगेरीनं खिडकीतून बघितलं.
बोलली नाही.
मी वहीत लिहिलं: एकमतानं मंजूर.

नागेश गावातलाच. चालत घरी जातो,
त्याला कुठली गाडी नाही.
सोमवारी व्हरांड्यात गाठून विचारलं,
शेवटी गप्प का बसलास रे?
तो चपलेनं फरशीवरची धूळ सारत राहिला.
मग म्हणाला,
तिची होती की ओ, सर. शेवटची.