दोन बोटं

ईसाफ्योर्दुरच्या इस्पितळात संध्याकाळी मी
उद्याच्या यादीतली माणसं बघून येते.
खाली धक्क्यावर एक ट्रॉलर, दिवे लावून.
अंधार तीनपासूनच आहे.

थॉर्गिल्स, वय अडुसष्ट. पित्ताशय.
तोंड उघडा. जीभ बाहेर. आवाज नका काढू.
तो तरीही ‘आ’ करतो. सगळेच करतात.
पडजीभ दिसते, टोकापर्यंत. छान.
दात?
‘दोन माझे. बाकीचे रात्री पेल्यात झोपतात.’

दाढी मात्र छातीपर्यंत,
खाऱ्या माशाच्या रंगाची.
आत हनुवटी केवढी आहे, मी विचारते.
‘कोण जाणे. एकोणऐंशीपासून आमची भेट नाही.’

केसांतून बोटं सरकवते,
हनुवटीपासून कंठमण्यापर्यंत.
तीन बसायला हवीत.
दोन बसतात. पुन्हा मोजते. दोनच.
स्वर्ग दोन बोटं उरला, असं माणसं
आनंदाच्या भरात म्हणतात.
मी कागदावर नुसता आकडा लिहिते.

घोरतात का?
हे मी नेहमी बायकोला विचारते.
स्वानहिल्डुर शब्दकोड्यातून मान वर करते:
‘घोरू देत. मधेच थांबतात ना, ते वाईट.
मी मोजत पडते.
एकदा बावीसपर्यंत गेले.’

गेल्या हिवाळ्यात हँडबॉल खेळणारी एक पोर होती,
लांब मान, तोंडात मूठ जाईल एवढा जबडा,
सगळी मापं जिथल्या तिथे.
झोपवली, आणि वाटच दिसेना.
ती वाचली.
घसा का दुखतोय म्हणून माझ्यावर रागावली.
त्यानंतर मी चांगल्या मापांनाही
जरा घाबरूनच असते.

म्हणून: कॅमेऱ्याची नळी. सर्वांत बारीक ट्यूब.
आकुरेरीहून दुसरा भूलतज्ज्ञ, विमान सुटलं तर.
आणि दाढी.
‘दाढी नाही,’ थॉर्गिल्स म्हणतो.
‘काढ,’ कोड्यात पेन्सिल चालूच,
‘आपलं लग्न ब्याऐंशीचं. मलाही बघायचीय.’

सकाळी चाकांच्या पलंगावर
एक अनोळखी म्हातारा येतो,
खालचा अर्धा चेहरा पांढरा, ऊन न लागलेला,
हनुवटी जवळजवळ नाहीच.
स्वानहिल्डुर आधी हसते. मग हसत नाही.
तिथे बोट टेकवून म्हणते,
‘ही तर तुझ्या आईची.’

दारापाशी तिला थांबावं लागतं.
आता मोजणं माझ्याकडे.