छत्री हळू उघडायची

बाराव्या दिवशी पहिल्याचे डोळे उघडले.
निळसर, गढूळ,
गाळ खाली बसायच्या आधीच्या पाण्यासारखे.
मी वहीत लिहिलं: मंगळवार, काळ्या दोऱ्याचं.
आठ पिलं, आठ रंगांचे दोरे.
नावं ठेवायची नाहीत, हा आमच्या घरचा नियम.
नाव घेणाऱ्यानं ठेवायचं. पैसे त्याचे असतात.

जत-डफळापूर रोडला डाळिंबाच्या कडेनं आमची पत्र्याची शेड,
तिथं हरणी आडवी पडलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
हे म्हणतात, कारवानी कुत्रं पळायलाच जन्मतं,
त्याला शिकवायचं काय?
पण पळणं दोन तऱ्हेचं असतं:
सशामागं,
आणि भांडं पडलं म्हणून.
दुसरं मला नको असतं.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी परात टाकते.
आधी अंगणाच्या त्या टोकाला, गोधडीवर.
मग गोधडीशिवाय.
मग जवळ.
कुकरच्या तीन शिट्ट्या, मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट,
मोबाईलवर बेंदराची हलगी, आवाज दोनवर, मग पाचवर,
बोअरची मोटर,
आणि चालू न होणारी आमची लुना, तिचं ते खोकणं.

माणसंही गोळा करावी लागतात.
दाढी हवी म्हणून इस्माईल वेल्डर:
"बसा पाच मिनिटं, चहा टाकते, पिलांना दाढी दाखवायची आहे."
तो हसतो, पिलं त्याच्या बुटाच्या नाड्यांना लोंबकळतात.
घोंगडं आणि काठी एकाच माणसात मिळाली,
माडग्याळी मेंढरं हाकत चाललेले बिरूतात्या.
शाळेची पोरं दप्तरासकट.
"जरा ओरडा रे."
"किती?"
"रोजच्याएवढं."
हेल्मेट घालून मात्र मीच जाते.
हरणी माझ्याकडं बघून जांभई देते.

छत्री हळू उघडायची.
आधी मिटलेली, जमिनीवर. हुंगू दे, मुतू दे.
मग अर्धी.
मग त्यांच्याकडं पाठ करून, पूर्ण.
बिचकलं तर झडप घालून उचलायचं नाही,
आपण तिथंच बसायचं, हातभर लांब,
भाकरी कुस्करत, काही झालंच नाही असं.
यायचं तेव्हा येतं.

एकोणीस वर्षांची मी या घरात आले
तेव्हा सासऱ्यांचं खाकरणं, दाराची लोखंडी कडी,
गोठ्यापर्यंतची दिव्याविना वाट,
ह्यांचं रागात ताट सरकवणं,
सगळं एकाच दिवशी, पूर्ण उघडलेलं.
पाठ करून कुणी उघडलं नाही.
असो. पिलांचं चाललंय.

आठव्या आठवड्यात गाड्या येतात.
सोलापूर, निपाणी, कराडचे एक डॉक्टर,
इचलकरंजीचा पोरगा, तो हरणीच्याच पाया पडला.
प्रत्येकाच्या हातात मी पोत्याचा तुकडा देते,
हरणीच्या अंगाखालचा.
"धुऊ नका," सांगते.
सगळे मान डोलावतात. निम्मे धुणार.

पांढऱ्या दोऱ्याचं राहिलं.
मागच्या पायाचं एक बोट वाकडं, शर्यतीचं नाही म्हणाले.
परात पडली तर मान वळवत नाही,
लुना खोकली की शेपूट हलवतं,
छत्रीत झोपतं.
पण रात्री मोटर बंद झाली,
हरणी उठून बाहेर गेली,
आणि सात जणांचा श्वास शेडमध्ये नव्हता,
तसं ते रडायला लागलं.
सगळी वही चाळली तरी
एवढीच सवय लावायची राहिली होती,
काहीच आवाज नसण्याची.

मी उठले. कडी हळू काढली.
त्याच्यापासून हातभर लांब बसले, उचललं नाही,
उरलेली भाकरी कुस्करत,
काही झालंच नाही असं.

आतून हे ओरडले, "काय करतीस गं तिथं?"
"काही नाही," म्हटलं,
"नाव ठेवतेय."