बाहेर पडण्यापुरती

डुलुथ. जानेवारी. उणे बावीस.
चार फूट खोल माती दगड झालेली.
टॉइवोने आधी तिच्यावर रात्रभर
गरम नळ्यांची गोधडी पांघरली,
मग कुदळ.

करवतीचं पाणी भिंतीवरच गोठलं,
मेणासारखे राखाडी ओघळ.
आणि तळघरात पहिल्यांदाच
बर्फाचा उजेड.

इथला कायदा म्हणे:
माणूस जिथे झोपतो
तिथून त्याला पळता आलं पाहिजे.
हे ऐकून श्रीरंगदादा हसला,
सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.
सव्वीस वर्षांचा संसार, दोन सुटकेसा,
त्यातली एक अजून उघडलेली नाही.

इन्स्पेक्टर टेप लावून, सही करून गेला.
रात्री खालून गार झोत आला.
दादा खिडकीतून चढला होता,
नुसत्या मोज्यांवर, अंगणात.
उभा राहिला थोडा वेळ.

मग पुढच्या दाराची बेल वाजली.