रतीब

सरनोबत वकीलबाईंनी फाईल टेबलावर ठेवली,
म्हणाल्या, सोमवारपर्यंत इंग्रजीत पाहिजे,
पुढचं डच रॉटरडॅममध्ये कोणीतरी करील.
माझं टेबल कसबा बावड्यात, कोर्टाच्या फाटकासमोर,
झेरॉक्सच्या दुकानाला टेकून.
सातबारा, खरेदीखत, वारसाचा दाखला,
तीस वर्षं हेच.
मूल पहिल्यांदाच आलं.

निहार. वय पाच वर्षे दोन महिने.
वडिलांनी पंधरा दिवसांसाठी म्हणून नेला.
परतीच्या तिकिटाची प्रत जोडली आहे, निशाणी चार.

शलाका मगदूम समोर बसली होती.
शिरोलीच्या फौंड्रीत हिशेब बघते,
त्यामुळं कागद तारखेनं लावलेले:
लसीचं कार्ड, बालवाडीच्या पावत्या,
डाव्या कोपरावरच्या टाक्यांचं बिल.
रडली नाही. स्टेपलरची पिन तेवढी मागितली.

वकीलबाई तिला सावकाश सांगत होत्या,
मुलं परत पाठवायचा एक करार असतो, हेगचा.
त्यांची सही आहे, आपल्या देशाची नाही.
म्हणजे तिकडंच वकील लावायचा,
वकिलातीला पत्र, इथं ताब्याचा अर्ज,
प्रत्येक कागदावर अपोस्टिल,
आणि सिद्ध करायचं ते एकच,
मुलाचं सवयीचं राहतं ठिकाण कोणतं.

तेव्हा तिनं पर्समधनं दुधाचं कार्ड काढलं.

म्हशीचं, एक लिटर. खाली वेगळ्या शाईत
'निहार पाव लि. जादा'.
रोजची एक खूण, तीन वर्षं.
चौदा मेला आडवी रेघ.
एकोणतीसपासून पुन्हा अकरा खुणा.
मी म्हटलं, मूल तर आलं नाही?
म्हणाली, तिकीट एकोणतीसचं होतं.
मग वकीलबाईंनीच बंद करायला लावलं.
खाडा दिसू दे, म्हणाल्या.
खाडा हाच पुरावा.

रात्री 'रतीब'पाशी अडलो.
'मिल्क सप्लाय' लिहिलं, खोडलं.
सप्लाय हॉटेलला असतो.
रतीब म्हणजे न बोलावता येणारं,
भांडं कुठं पालथं घातलंय
ते अंधारात माहीत असलेलं.
त्यांच्या कायद्याला तीन शब्दांत जे म्हणायचंय
त्याला आमच्याकडं हा एक होता
आणि तोच मला पलीकडं नेता येईना.
तसाच ठेवला, खाली सात ओळींची तळटीप.
वकीलबाईंनी दोन ओळी राहू दिल्या.

श्रावणात दुसरी फाईल आली, उलटी.
सीपीआरसमोरच्या बेंचपुढं, हेबिअस कॉर्पस,
देह हजर करा.
अर्जदार आइंडहोवनचा, आडनाव मराठीच.
बायकोनं मुलगी नागाळा पार्कात माहेरी आणलेली.
बाईच्या वडिलांना कळावं म्हणून मराठी करायचं.
त्यानंही जोडलं होतं:
वाचनालयाचं कार्ड, दर बुधवारचा शिक्का,
जानेवारीपासून कोरं.
मी लिहिलं, खाडा.
लेखणी अडली नाही, याचंच वाईट वाटलं.
तिच्या उत्तरातला नववा परिच्छेद दोनदा वाचला.
ती का निघाली ते तिथं आहे.
इथं सांगणार नाही.

आमच्या दारात बंडा गवळीच येतो.
किटली टेकवत म्हणाला,
लाईन बाजारातलं पाव लिटर तुटलं तवा वाईट वाटलं बघा,
पर नागाळा पार्कात अर्धा वाढला की.
आपला हिशेब बसतोय.
मी भांडं पुढं केलं.

शलाकाला आता बुधवारी वीस मिनिटं मिळतात,
तिथल्या कोर्टाच्या हुकमानं, पडद्यावर.
परवाच्या बोलण्याचा उतारा घेऊन आली,
भाषांतराला, निशाणी तेवीस.
एकोणीस मिनिटं मुलगा गाडी फिरवत होता जमिनीवर.
शेवटी मान वर न करता,
बंडामामाची म्हैस व्याली?

वाक्य इंग्रजीत केलं.
तळटीपेत लिहिलं,
प्रश्न मराठीत विचारला होता.