अठ्ठेचाळीस उभ्या रेषा

कॅसेटमधून उतरलेली चौकट
सातशे वीस ठिपके रुंद.
पडद्यावर ती सातशे अडुसष्ट हवी,
नाहीतर आई उभट दिसते,
दोन दिवस न जेवल्यासारखी.
आणि आई न जेवता राहिली
असा एक दिवस मला आठवत नाही.

मग वरच्या अठ्ठेचाळीस रेषा आणायच्या कुठून?
चौऱ्याण्णव सालच्या त्या स्वयंपाकघरात
बाबांच्या कॅमेऱ्यानं त्या पाहिल्याच नव्हत्या.
प्रोग्रॅम म्हणतो, काळजी नको, मी रचून देतो,
फक्त कशा रचायच्या ते सांग.
आणि यादी उघडतो:
बायलिनियर, बायक्युबिक, लांत्सोश.
धुण्याच्या साबणांची नावं असावीत तशी.

तार्तूत आज उणे चौदा.
एमायोगी गोठली आहे.
नदीच्या नावातच आई आहे,
पण इथं ते आता कुणाच्या लक्षात येत नाही,
पूल ओलांडताना सगळे फोनमध्ये असतात.

आई बोलायची हातांनी.
जन्मापासून ऐकू येत नव्हतं तिला.
ध्वनीपट्टीवर आहेत फक्त बाबांचे श्वास,
रेडिओवरचं हवामान
आणि पातेल्यावर घासणारा डाव.
तिचं बोलणं सगळं चित्रात.

आधी सम-विषम ओळींचे दाते काढले,
फणी अडकावी तसे ते
हलत्या हातात अडकले होते.
मग बायलिनियर लावला.
हा शेजारच्यांना विचारतो,
दोघांचं थोडं थोडं ऐकतो,
‘भांडू नका रे’ म्हणणाऱ्या काकासारखा.
तर्जनी मधल्या बोटात विरघळली.
हात झाला लोकरीचा मोजा.
मोजा घालून कुणी गोष्ट सांगतं का?

लांत्सोश लांबच्यांनाही विचारतो.
कडा सुरीसारख्या.
नखाजवळची चीरसुद्धा दिसली मला,
मूल असताना कधी दिसली नव्हती ती.
पण खिडकीच्या उजेडापुढे हात उचलला की
प्रत्येक बोटाशेजारी एक फिकट रेघ,
आणि करंगळीपलीकडे
सहावं बोट.
तिच्या हाताला सहावं बोट लावणं
म्हणजे तिच्या तोंडी शब्द घालणं.
मी हात आवरला.

रविवारी हेल्वेमावशी आली,
पिशवीत काळा पाव, बेदाण्याचा मुरंबा.
तीही बहिरी, वय अठ्ठ्याहत्तर,
चष्मा कपाळावर चढवून बघते.
मी काही न सांगता पहिला तुकडा लावला.
‘तोंडात गोळी ठेवून बोलतेय,’ मावशीचे हात म्हणाले.
दुसरा लावला.
‘ओरडतेय. आइमे ओरडायची कधी?
फक्त तुझ्या बापावर.’

तिसरा लावला, बायक्युबिक.
मावशी काहीच म्हणाली नाही.
पडद्यावर आई थांबली, भुवया उंचावून,
डाव हवेत.
आणि मावशीचा उजवा हात
मांडीवरून उठला
आणि बोलू लागला.

मला कळायला वेळ लागला.
टेबलाच्या त्या बाजूला, चौकटीच्या बाहेर,
तेव्हा मावशीच बसली होती.
आई तिलाच विचारत होती:
सूपात मीठ जास्त झालंय का?

तेव्हा काय सांगितलंस, मी विचारलं.
‘छान झालंय म्हटलं. बहीण होती.’
आणि आत्ता?
मावशीनं पडद्याकडे बघून
मूठ दोनदा हलवली, हसली,
‘खूप जास्त. तीस वर्षं जिभेवर आहे.’

चौकटीबाहेरचं आणून देणारा
फिल्टर यादीत नाही.
मी बायक्युबिक ठेवला.
गणित म्हणून नव्हे,
बघणारी उत्तर द्यायला लागली म्हणून.
मावशी पाव कापायला उठली.
एन्कोडिंग बारा टक्के,
तेरा,
आणि आई अजून भुवया उंचावून उभी.